घराच्या बागेतलं छोटं तळं: काठ उथळ ठेवा, मासे सोडू नका

तुमच्या बागेत तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद जागा मोकळी आहे. तिथे बेडूक, चतुर, पक्षी येतील असं तळं करायचंय. घरच्यांना डासांची धास्ती आहे. म्हणून गप्पी मासे सोडावेत का, पंप लागेल का, खोली किती हवी आणि तयार फायबरचं कुंड आणावं की खड्डा खणून पाणी न झिरपणारा प्लास्टिकचा किंवा रबराचा कागद अंथरावा, असे तुमचे प्रश्न आहेत.

जागा भरपूर आहे. याहून निम्म्या जागेतही तळं छान जगतं. पण तुम्ही खोलीपासून सुरुवात केलीत, त्याऐवजी काठापासून करा. तळ्यातले बहुतेक जीव पाण्याच्या वरच्या वीतभर थरात, काठालगतच्या झाडोऱ्यात राहतात. तिथे ऊन पोचतं, पाणी लवकर कोमट होतं, शेवाळ धरतं आणि ते खायला बेडूकमासे आणि गोगलगायी जमतात. पक्षी अंघोळीला उतरतात तेही बोटभर पाण्यात. मधमाश्या ओल्या मातीवर बसून पाणी पितात, फुलपाखरं तिथेच चिखलपान करतात. उभ्या भिंतींचं खोल कुंड यातलं काहीच देत नाही, उलट त्यात पडलेली खार किंवा पक्ष्याचं पिल्लू बाहेर येऊ शकत नाही. म्हणून बाजारातलं गुळगुळीत बाजूंचं फायबरचं कुंड मी सुचवणार नाही. खड्डा खणा आणि कागद अंथरा.

आता तुमच्या जागेत ते कसं बसेल ते पाहू. एका बाजूने उतार अगदी मंद ठेवा, पाच हात पुढे गेल्यावर एक हात खाली, यापेक्षा तीव्र नको. या हिशेबाने सव्वा मीटर आत गेल्यावर पाणी फक्त २५ सेंमी खोल असेल. तिथून पुढे खड्डा उतरवत ६० सेंमीपर्यंत न्या. तेवढी खोली एका ठिकाणी असली की पुरे, संपूर्ण तळभर नको. समोरच्या बाजूला जागा कमी उरेल, तिथे पायऱ्या काढा: एक १० सेंमीवर, दुसरी ३० सेंमीवर, प्रत्येक किमान वीतभर रुंद. यांवर रोपं उभी राहतात. खोल भाग कशाला, तर लहान तळं उन्हात फार तापतं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. भर दुपारी जीवांना उतरून बसायला थोडी थंड जागा हवी. जिथे थंडीत पाणी गोठतं तिथेही हाच खोल भाग कामी येतो.

जागा निवडताना दिवसाचं पाच-सहा तास ऊन मिळेल असं बघा, पण दुपारी थोडी सावली पडली तर उत्तम. मोठ्या झाडाखाली तळं नको. पानं पडून कुजतात, कुजताना प्राणवायू खातात, आणि मुळं कागद फोडतात. जागा बदलणं शक्य नसेल तर पानगळीच्या दिवसांत वरून जाळी ताणा, पण जाळीचा काठ जमिनीपासून थोडा उचललेला ठेवा, म्हणजे बेडकांची ये-जा थांबणार नाही.

खणण्याआधी फक्कीने किंवा दोरीने आकार आखून घ्या आणि एकदा घरातल्या खिडकीतून पाहा. तळं रोज डोळ्यांसमोर असेल तर त्यात काय चाललंय ते कळतं. मग काठाची पातळी. इथे घाई करू नका. पाण्याचा पृष्ठभाग सपाट राहणार, तुमची जमीन मात्र बहुधा नसते. एक बाजू तीन सेंमी उंच राहिली तरी तिथे कागदाचा काळा पट्टा कायम उघडा दिसतो आणि उन्हाने तोच भाग आधी तडकतो. लांब सरळ फळी आडवी टाकून त्यावर पाणसळ ठेवा, नाहीतर गवंडी वापरतात तो पाणी भरलेला पारदर्शक लेव्हल पाइप घ्या. चारही बाजूंनी तपासा, मगच पुढे जा. एक कोपरा मात्र मुद्दाम दोन सेंमी खाली ठेवा. जोराच्या पावसात जादा पाणी तिथून वाहील आणि ते कुठे जाईल हे तुम्ही ठरवलेलं असेल. त्या बाजूला उथळ खड्डा करून दलदलीची झाडं लावली तर तळ्याइतकाच जिवंत तुकडा फुकटात मिळतो.

खड्ड्यातून निघालेली वरची काळी, कसदार माती तळ्यात परत टाकू नका, काठावर ढीगही घालू नका. पावसात ती वाहून आत येते आणि तिच्यातलं नत्र-स्फुरद शेवाळाला खाऊ घालतं. ती फुलझाडांना द्या. तळात घालायला धुतलेली वाळू किंवा बारीक खडी घ्या. शेणखत, कंपोस्ट, बागेचं मिश्रण यातलं काहीही पाण्यात नको.

कागद म्हणजे लायनर. ईपीडीएम रबर मऊ असतं, कोपऱ्यांत नीट बसतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. जाडी पाऊण ते एक मिलिमीटर पुरते. तळ्यांसाठीचं जाड एचडीपीई प्लास्टिकही चालतं, फक्त ते ताठ असतं आणि घड्या जास्त पडतात. साधी ताडपत्री उन्हात फार काळ तग धरत नाही. माप असं काढा: लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंमी. तुमच्या तळ्याला ३ + १.२ + ०.६ म्हणजे ४.८ मीटर लांब आणि २ + १.२ + ०.६ म्हणजे ३.८ मीटर रुंद कागद लागेल. मंद उतारामुळे थोडा जास्तच उरेल, तो काठाकडे वळवा.

कागदाखाली काय घालता यावर त्याचं आयुष्य ठरतं. खड्ड्यातले टोकदार दगड आणि मुळांची खुंटं हाताने चाचपून काढा. मग पाच सेंमी वाळू पसरा किंवा जुना गालिचा, जाड घोंगडी, कापडी पोती अंथरा. कागद घालायच्या आधी तासभर उन्हात पसरून ठेवला की नरम होतो. तो सैल सोडा, ताणू नका. पाणी सावकाश भरा. वजनाने तो आपोआप खाली बसत जाईल, तुम्ही फक्त घड्या एका बाजूला सारत राहा. काठ लगेच कापण्याचा मोह आवरा. भरल्यावर एक-दोन दिवस जाऊ द्या, सगळं बसल्यावर कापा. मग कडा गवताच्या ढेपांनी, चपट्या दगडांनी झाका. काही ठिकाणी दगड अर्धे पाण्यात, अर्धे बाहेर असे रचा आणि खालच्या फटी तशाच ठेवा. दिवसा बेडूक तिथेच बसतात.

सिमेंटचं तळं करायचं असेल तर ते पक्कं वाळू द्यावं लागतं आणि अनेकदा भरून ओतून द्यावं लागतं, कारण नव्या सिमेंटमधला चुना पाणी फार अल्कधर्मी करतो. पुढे तडा गेला की शोधणं जिकिरीचं. लहान तळ्यासाठी मला तो खटाटोप पटत नाही.

तुमचं तळं भरायला साधारण १२०० ते १५०० लिटर पाणी लागेल. पावसाचं मिळालं तर सगळ्यात चांगलं, कारण त्यात क्षार आणि खतांचे अंश कमी असतात. नळाचं असेल तर जीव येण्याआधी एक-दोन दिवस उघडं राहू द्या, क्लोरीन उडून जातं. काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरॅमाइन असतं. ते असं उडत नाही, त्यासाठी मत्स्यालयात वापरतात ते क्लोरीन काढणारं द्रावण घालावं लागतं.

आता डास आणि मासे. घरच्यांची भीती अजिबात खोटी नाही आणि तिचं नीट उत्तर द्यायला हवं. ऊबदार पाण्यात डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पण डासांना हवं असतं ते शिकारी नसलेलं साठलेलं पाणी. डेंग्यू पसरवणारा एडिस कुंडीखालच्या बशीत, टायरमध्ये, झाकण उघड्या पिंपात वाढतो. क्यूलेक्स डासांना घाण पाण्याची डबकी आवडतात. जिवंत तळ्यात चतुर आणि टाचण्यांची (चतुरांच्या सडपातळ भाऊबंदांची) पिल्लं असतात, पाण्यावर उताणे पोहणारे किडे असतात, पाणभुंगेरे असतात, आणि या सगळ्यांचं एक मुख्य अन्न म्हणजे डासांच्या अळ्या. चतुराच्या पिल्लाचा खालचा ओठ घडी घातलेला असतो. अळी टप्प्यात आली की तो क्षणात पुढे झेपावतो, टोकाच्या आकड्यांनी तिला पकडून तोंडाशी आणतो. वर्षानुवर्षं पाहूनही मला याचं नवल वाटतं. डासांच्या काही जातींच्या माद्या तर शिकारी कीटकांनी पाण्यात सोडलेली रसायनं ओळखतात आणि तिथे अंडीच घालत नाहीत.

धोक्याचा काळ एकच: पाणी भरल्यापासून शिकारी येईपर्यंतचे पहिले काही आठवडे. तेव्हा रोज काठाशी वाकून बघा. पृष्ठभागाला लटकलेल्या, हात लावला की वळवळत खाली जाणाऱ्या अळ्या दिसल्या तर बारीक जाळीच्या गाळणीने काढा आणि कोरड्या मातीवर टाका. फारच झाल्या तर बीटीआय नावाचा जिवाणू वापरता येतो. १९७६ साली इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका साचलेल्या पाण्यात तो सापडला. त्याचं विष डासांच्या अळ्यांच्या अल्कधर्मी आतड्यातच सक्रिय होतं, त्यामुळे बेडूकमासे आणि चतुरांची पिल्लं वाचतात. मात्र डासांच्या जवळच्या कुळातल्या निरुपद्रवी चिलटांच्या अळ्यांनाही तो जास्त मात्रेत मारतो आणि त्या इतरांचं अन्न असतात. म्हणून तो सुरुवातीच्या दिवसांपुरता, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच वापरावा. डासांसाठी रॉकेल किंवा फवारणीचं औषध पाण्यावर टाकणं म्हणजे तळं संपवणं.

गप्पी सोडू नका. गॅम्बुसिया हा डासांच्या अळ्या खाणारा दुसरा मासा तर मुळीच नको. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला, गॅम्बुसिया उत्तर अमेरिकेतला. दोघांनाही डासांसाठी जगभर नेलं गेलं आणि आज गॅम्बुसियाचं नाव जगातल्या सर्वात उपद्रवी १०० आगंतुक जातींच्या यादीत आहे. हे मासे डासांच्या अळ्या खातात हे खरं, पण त्यासोबत बेडकांची अंडी, कोवळे बेडूकमासे, चतुरांची लहान पिल्लं आणि शेवाळ खाणारे सूक्ष्म जीवही फस्त करतात. म्हणजे जे शिकारी तुमचं काम फुकट करणार होते त्यांनाच हे संपवतात, मग पाणी हिरवं होतं, मग लोक पंप आणि फिल्टर आणतात. पावसात तळं भरून वाहिलं की मासे जवळच्या ओढ्यापर्यंत पोचतात, ते निराळंच. रंगीत मासे हवे असतील तर त्यांच्यासाठी दुसरं तळं करा. बेडूक आणि मासे यांचा मेळ एवढ्याशा जागेत बसत नाही.

पंपही नको. तळ्यातल्या बहुतेक जीवांना संथ पाणीच मानवतं आणि पंपाच्या तोंडात बेडूकमासे ओढले जातात. प्राणवायूसाठी पाण्यात बुडालेल्या वनस्पती पुरेशा आहेत. त्या दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्री त्याही तो वापरतात, हे लक्षात ठेवा. पहाटे पाण्यात तो सर्वात कमी असतो. म्हणून त्यांची गच्च गर्दी होऊ देऊ नका.

वनस्पतींची निवड तुमच्या प्रदेशातल्या मूळच्या जातींतून करा. तीन प्रकार हवेत. पाण्याखाली राहणाऱ्या, जशा व्हॅलिस्नेरिया आणि सेराटोफायलम. मुळं तळात आणि पानं पाण्यावर तरंगणाऱ्या, जशी छोट्या जातीची कुमुदिनी. आणि काठाशी पायावर उभ्या राहणाऱ्या, लव्हाळे आणि ब्राह्मीसारख्या. तिसरा प्रकार लोक वगळतात, तो सगळ्यात गरजेचा. टाचण्या आपली अंडी देठांच्या आत रोवतात. चतुराचं पूर्ण वाढलेलं पिल्लू याच देठांवर चढून, पाठीवर फाटून, पंख घेऊन बाहेर पडतं. सकाळी देठांना चिकटलेल्या रिकाम्या काती दिसल्या की समजा, तळ्यात पिढी पूर्ण झाली. कमळ मोठ्या पानांचं असतं, ते एवढं तळं व्यापून टाकेल. पाणकणसाची मुळं टोकदार आणि जोमदार असतात, कागद भोसकतात. जलपर्णी दिसायला देखणी, पण ती दक्षिण अमेरिकेतून येऊन जगभरच्या पाण्यांवर माजलेली आहे. तिचं एक रोपही आणू नका. सगळं मिळून निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत पृष्ठभाग झाकला जावा, उरलेला मोकळा.

बाकी काहीही आणून सोडू नका. ना शेजारच्या तळ्यातली अंडी, ना गाळ, ना गोगलगायी. बेडकांच्या कातडीला होणारा कायट्रिड बुरशीचा रोग पाण्याने आणि चिखलाने पसरतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार या रोगामुळे उभयचरांच्या किमान ५०१ जाती घटल्या आणि त्यांपैकी ९० नामशेष झाल्या असाव्यात. रोपंसुद्धा स्वच्छ पाण्यात धुवून, बादलीत दोन आठवडे ठेवून, मग लावा.

आणि तरीही जीव येतात. पाणभुंगेरे आणि पाण्यातले ढेकूण रात्री उडून येतात. पाण्यावरून परावर्तित होणारा ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) प्रकाश त्यांना दुरून कळतो. चतुरही याच प्रकाशाने पाणी ओळखतात, म्हणून ते कधीकधी चकचकीत गाडीवरही अंडी घालायला बसतात. अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांवर आढळणारा पँटाला फ्लॅव्हेसेन्स हा पिवळसर भटका चतुर नवं पाणी हेरण्यात फार तरबेज आहे, कारण त्याची पिल्लं तात्पुरत्या डबक्यांतच महिना-दोन महिन्यांत मोठी होतात. बेडकांना वेळ लागतो. आसपास असतील तर एखाद्या पावसानंतरच्या सकाळी जेलीचा गोळा दिसेल. माळेसारखी लांब दोरी दिसली तर ती खरखरीत कातडीच्या भेकाची.

या सगळ्याच्या आधी एक टप्पा येतो आणि बरेच लोक तिथेच हार मानतात: पाणी वाटाण्याच्या रसासारखं हिरवं होतं. घाबरू नका आणि पाणी अजिबात बदलू नका. नव्या पाण्यासोबत नवी पोषकद्रव्यं येतात आणि शेवाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. काही आठवड्यांत डाफ्नियासारखे सूक्ष्म जीव वाढतात, ते एकपेशीय शेवाळ गाळून खातात, झाडंही पोषण ओढून घेऊ लागतात आणि पाणी निवळतं. तंतूंचं शेवाळ मात्र काठीला गुंडाळून काढत राहा. काढलेलं काठावरच एक दिवस ठेवा, त्यातले जीव आपोआप पाण्यात परततात. पुढेही झाडोरा छाटताना एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त हात लावू नका.

कोरड्या दिवसांत पातळी उतरेल. पाच-दहा सेंमी उतरली तर भरू नका, उघडा पडलेला चिखल बऱ्याच जीवांना हवा असतो. तळं पूर्ण आटलं तरी ते मेलं असं नाही. बेडकांच्या अनेक जाती तर आटणाऱ्या तळ्यांतच वाढतात, कारण तिथे मासे टिकत नाहीत. मात्र आत बेडूकमासे असतील तर पावसाच्या साठवलेल्या पाण्याने थोडं थोडं भरा.

बागेत कीटकनाशक आणि तणनाशक मारत असाल तर तळ्याचा विचार सोडलेला बरा. बेडूक कातडीतून पाणी शोषतो, सोबत त्यात विरघळलेलंही बरंच काही.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, पण सांगायलाच हव्यात. पहिली, मुलं. अगदी लहान मूल काही सेंमी पाण्यातही बुडू शकतं. घरात किंवा शेजारी लहान मुलं असतील तर पृष्ठभागाच्या जरा खाली मजबूत वेल्डमेश जाळी बसवा, मुलाचं वजन पेलेल इतकी पक्की. किंवा मूल मोठं होईपर्यंत फक्त दलदलीचा उथळ तुकडा करा, उघडं पाणी नको. दुसरी, साप. बेडूक आले की कधीतरी साप येणं साहजिक आहे. उंच गवत आणि दगडांचा ढीग तळ्याच्या घराकडून लांबच्या बाजूला ठेवा आणि घराच्या बाजूने ये-जा करायची वाट आखूड गवताची, मोकळी ठेवा. रात्री तिकडे जाताना बॅटरी न्या.

शेवटी गळतीबद्दल, कारण तो प्रश्न पुढच्या वर्षी येईलच. पाणी कमी होतंय ते उन्हाने की भोकाने, हे ओळखायला एक बादली तळ्याच्या पातळीइतकी भरून काठाशी, त्याच उन्हात ठेवा. दोन्हींतली घट दोन-तीन दिवस मोजा. ती जवळपास सारखीच असेल तर बाष्पीभवन, तळ्याची बरीच जास्त असेल तर गळती. मग पाणी घालणं थांबवा आणि पातळी कुठे येऊन थांबते ते बघा. भोक नेमकं त्याच रेषेवर असतं. पण आधी काठ तपासा: बहुतेक वेळा भोक नसतंच, कडेची माती किंवा गवताची मुळं कागदावरून आत पाण्यात उतरलेली असतात आणि वातीसारखं पाणी बाहेर ओढत असतात. तेवढा संबंध तोडला की गळती थांबते.